रोग्याच्या वेळेचे मोल

आजारपणात मनुष्याचे काय काय जाते याचा हिशेब मांडू लागले असता औषधाचे पैसे, गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी एवढ्या रकमा सर्वांच्या ध्यानात येतात. रोग्याचा वेळ ही रक्कम मात्र कोणीच मांडीत नाही. ती डॉक्टरांच्या वहीत नसते, सरकारच्या अहवालात नसते, आणि खुद्द रोगीही ती आपल्या प्रारब्धाच्या खाती घालून मोकळा होतो. या न मांडलेल्या रकमेविषयी चार शब्द स्पष्ट लिहावेत असे आमच्या मनात आले, त्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला.

पाथर्डी तालुक्यातील, आमच्या परिचयाच्या एका वृद्ध बाईंस घेऊन आम्हांस जिल्ह्यातील एका मोठ्या रुग्णालयात जावे लागले. त्या रुग्णालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. कारण दोष एकाच संस्थेचा असता तर हा लेख लिहिण्याची गरजच पडली नसती. बाई पहाटेच्या गाडीने निघून साडेआठाच्या सुमारास पोहोचल्या, तेव्हा केसपेपरच्या खिडकीपुढे माणसांच्या आधी चपलांची आणि पिशव्यांची रांग लागलेली होती. ज्यांना उभे राहवत नव्हते त्यांनी आपल्या वहाणा आपल्या जागी ठेवून भिंतीचा आधार घेतला होता. पहिली रांग कागदाची, दुसरी डॉक्टरांच्या दाराशी, तिसरी रक्त देण्याची, चौथी औषधाची. डॉक्टरांनी बाईंस तपासले ते दोन मिनिटे, पण आस्थेने तपासले. रक्त तपासून येण्यास सांगितले. रक्ताचा कागद हाती आला तोवर डॉक्टर उठून गेले होते. शिपायाने सांगितले, “उद्या या.” परतीच्या गाडीची वाट पाहताना बाई आम्हांस म्हणाल्या, “दादा, डागदरानं काही वाईट केलं नाही. पण माझा आजचा दिवस कोणी खाल्ला?”

त्या वेळी आम्हांस उत्तर सुचले नाही. पुढे विचार करता जे सुचले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर असे की, डॉक्टर थोडे आणि रोगी फार. मग रांग लागणारच. हे उत्तर अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच ते इतकी वर्षे टिकले आहे. डॉक्टर थोडे आहेत हे आम्ही नाकारीत नाही. निरनिराळ्या देशांतील तपासणीच्या वेळांची तुलना २०१७ साली एका इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीत स्वीडनमधील रोग्यास डॉक्टरांची सुमारे साडेबावीस मिनिटे मिळतात, तर आपल्याकडील रोग्यास अवघी दोनच, असे दिसून आले. ही दोन मिनिटे वाढविण्यास डॉक्टर वाढविले पाहिजेत, हे उघड आहे. पण या दोन मिनिटांसाठी सहा तास का जावेत, हा प्रश्न निराळा आहे. आणि त्याचे उत्तर डॉक्टरांच्या संख्येत नसून आपल्या व्यवस्थेत आहे.

वाचकांनी पुढील साधे गणित करून पाहावे. समजा, एका डॉक्टरांपुढे सकाळी नव्वद रोगी यावयाचे आहेत आणि प्रत्येकास दोन मिनिटे लागतात. म्हणजे काम तीन तासांचे. आता हे नव्वदही जण नऊच्या ठोक्यास दाराशी येऊन उभे राहिले, तर पहिल्यास मुळीच थांबावे लागत नाही, शेवटच्यास तीन तास थांबावे लागते, आणि सरासरी प्रत्येकाचा सुमारे दीड तास जातो. सर्वांचा मिळून खर्च झालेला वेळ होतो साडेएकशेतेहतीस तास. आता तेच डॉक्टर, तेच रोगी आणि तीच दोन मिनिटे घ्या. फक्त पंधरा-पंधरा जणांस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने बोलवा. सरासरी वाट पाहणे येते चौदा मिनिटांवर, आणि सर्वांचा मिळून खर्च होतो एकवीस तास. साडेएकशेबारा तास, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने चौदा माणसांचा पुरा दिवस, वाचला. याकरिता एकही डॉक्टर जास्त नेमावा लागला नाही, एकही वीट रचावी लागली नाही. लागला तो एक कागद, एक लेखणी, आणि रोग्याच्या वेळेस काही किंमत आहे हे मानण्याची तयारी.

हा काही आमच्या बुद्धीचा शोध नव्हे. रांगांचे गणित डेन्मार्कच्या एरलांग या गणितज्ञाने १९०९ सालीच टेलिफोनच्या संबंधाने मांडले होते. रुग्णालयांच्या बाबतीत इंग्लंडात नॉर्मन बेली याने १९५२ साली ते करून दाखविले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : तपासणीस सरासरी जितका वेळ लागतो तितक्या अंतराने रोग्यांस वेळा द्याव्यात, आणि डॉक्टरांस रिकामे बसावे लागू नये म्हणून आरंभी दोघांस एकदम बोलवावे, एवढ्याने रोग्यांचे ताटकळणे फार मोठ्या प्रमाणावर कमी होते आणि डॉक्टरांचा वेळही जवळजवळ वाया जात नाही. त्याच देशात १९९१ साली सरकारने रोग्यांची सनद काढली. तीत बाह्यरुग्णास नेमकी वेळ मिळेल आणि त्या वेळेपासून अर्ध्या तासाच्या आत त्यास तपासले जाईल, असे वचन दिले. ते वचन सर्वत्र पाळले गेले असे कोणी म्हणणार नाही. पण वचन दिलेले असले म्हणजे ते मोडल्याचे दाखविता तरी येते. आपल्याकडे वचनच नाही. मग भंग कशाचा दाखवावा?

येथे कोणी म्हणेल की, ही विलायतेची उदाहरणे आमच्या खेड्यांतील माणसांस काय कामाची? आमचा रोगी अशिक्षित. त्यास घड्याळाची सवय नाही. नऊची वेळ दिली तर तो सातला येईल, नाही तर बाराला. या आक्षेपाने आम्हांस खरोखर राग येतो, आणि तो का येतो ते सांगतो.

ज्या जिल्ह्याविषयी आम्ही लिहीत आहोत, त्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले असले तरी बोलताना त्यास अजून सर्वजण नगरच म्हणतात. हा चौदा तालुक्यांचा, विस्ताराने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. याच जिल्ह्यात प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, आणि तेव्हापासून तिच्या कालव्यांवरचा शेतकरी शेजपाळी म्हणजे काय हे जाणतो. तो सात नंबरचा अर्ज भरतो, आवर्तन सुटण्याची तारीख विचारतो, आणि पाटकऱ्याने सांगितलेल्या घटकेस, मग ती रात्री दोनची का असेना, कंदील किंवा बॅटरी घेऊन बांधावर उभा राहतो. ज्याने पाण्याची पाळी कधी चुकविली नाही, तो डॉक्टरांची पाळी चुकवील, असे म्हणणाऱ्याने एकदा आवर्तनाच्या रात्री शिवारात जाऊन पाहावे. शेजपाळीचे तत्त्वही ध्यानात घेण्यासारखे आहे : चारीच्या शेवटच्या टोकास जो आहे त्याचे आधी भिजावे, आणि मग क्रमाने वर यावे. हा नियम नेहमी पाळला जातो असे नाही. त्यावरून भांडणे होतात, डोकी फुटतात. पण भांडण होते ते आपली पाळी कोणती हे प्रत्येकास ठाऊक असते म्हणून. रुग्णालयाच्या दाराशी असे भांडण सहसा होत नाही. याचे कारण तेथे न्याय आहे हे नव्हे. तेथे कोणास पाळीचा हक्कच नाही, हे आहे.

दुसरे उदाहरण उसाचे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामापासून चालू झाला आणि पुढे जिल्हाभर कारखाने उभे राहिले. आज कोणताही सभासद आपल्या लागणीची तारीख कारखान्याच्या गटकार्यालयात नोंदवितो, आणि त्या नोंदीच्या क्रमाने तोड यावी अशी अपेक्षा धरतो. तिसरे उदाहरण गाडीचे. एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती नगर-पुणे मार्गावरच. तेव्हापासून येथील माणूस वेळापत्रक वाचतो, आरक्षण करतो आणि गाडी पकडतो. पाणी, ऊस आणि गाडी या तिन्ही ठिकाणी जो मनुष्य वेळेस शहाणा ठरतो, तोच रुग्णालयाचा उंबरा ओलांडताच वेडा कसा होतो? तो वेडा होत नाही. तो पहाटे येऊन चपला ठेवतो, कारण त्यास कोणी वेळ दिलेली नसते, आणि जेथे वेळ दिलेली नाही तेथे आधी येणे हीच एकमेव हुशारी आहे. सर्वांनी ती हुशारी केली म्हणजे गर्दी होते; आणि मग त्या गर्दीचे खापर आपण त्याच्याच माथी फोडतो.

चौथे उदाहरण सर्वांत बोलके आहे. शिर्डीस साईबाबांच्या समाधिमंदिरासाठी नवे दर्शनरांग संकुल बांधण्यात आले आणि २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. दहा हजारांहून अधिक भक्तांस बसता येईल अशी प्रतीक्षालये, सामान ठेवण्याची जागा, शौचालये, प्रसादाच्या आणि नोंदणीच्या खिडक्या, चौकशीची जागा, आणि हे सारे वातानुकूलित, अशी तेथील सोय आहे. दर्शनाची वेळ घरबसल्याही ठरविता येते. भक्तांची ही सोय झाली याचा आम्हांस आनंदच आहे; दूरदेशाहून आलेल्या थकल्या जिवास बसावयास जागा मिळणे हे पुण्याचे काम होय. आमचे म्हणणे इतकेच की, रांग हा ईश्वरी कोप नसून व्यवस्थेचा विषय आहे, हे ज्या जिल्ह्यात एवढ्या थाटाने सिद्ध झाले आहे, त्याच जिल्ह्यात रोग्याच्या रांगेस मात्र नशीब म्हणावे हे विपरीत नव्हे काय? निरोगी भक्तास खुर्ची आणि ताप भरलेल्या रोग्यास भिंत, ही वाटणी कोणत्या धर्मास मान्य होईल?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार विनामूल्य झाले. गोष्ट स्तुत्य, पण केसपेपरचे पैसे गेले आणि केसपेपरची रांग राहिली. एस. टी. च्या गाड्यांतून २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस फुकट आणि २०२३ पासून स्त्रियांस अर्ध्या भाड्यात प्रवास करता येऊ लागला. म्हणजे आमच्या त्या बाईंचा प्रवास स्वस्त झाला, उपचार फुकट झाला. महाग राहिला तो त्यांचा दिवस. फुकट मिळते म्हणून तक्रार करू नये, असे म्हणणारे गृहस्थ आम्हांस भेटले आहेत. त्यांस आम्ही विचारतो, ज्या उपचारासाठी दोन दिवसांची मजुरी सोडावी लागते, तो फुकट कसा?

मोबाईलच्या साहाय्याने नोंदणी करण्याची एक पद्धत २०२२ च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या लेडी हार्डिंग रुग्णालयात सुरू झाली, आणि पुढे ती देशभर पसरली. फलकावरील चौकोनी खूण मोबाईलने टिपली की रोग्याचे नाव-गाव खिडकीस पोहोचते आणि टोकन मिळते. ही युक्ती चांगली आहे, पण तिच्याने चार रांगांपैकी पहिलीच तेवढी आखूड होते. खिडकीशी जो तास वाचला तो डॉक्टरांच्या दाराशी भरावा लागला, तर रोग्यास त्याचा उपयोग काय? शिवाय टोकन म्हणजे वेळ नव्हे. अमुक आकडा हाती आला, पण तो कोणत्या घटकेस पुकारतील हे जोवर सांगितले जात नाही, तोवर तो आकडा घेऊन माणूस घरी जाऊ शकत नाही, चहा पिऊ शकत नाही, लघवीसही जाण्यास भितो. आणि ज्या बाईंजवळ तसला मोबाईलच नाही त्यांनी काय करावे? यंत्र हे वेळापत्रकाचे साधन होऊ शकेल. वेळापत्रकाची जागा ते घेऊ शकणार नाही.

मग करावे काय? आमच्या मागण्या थोड्या आहेत. दिवसाच्या तपासणीचे अर्ध्या तासाचे भाग पाडावेत आणि प्रत्येकास भागाची वेळ कागदावर लिहून द्यावी. ही वेळ खिडकीवर, दूरध्वनीवर आणि गावच्या आशाताईंच्या मार्फत, अशी तिन्ही वाटांनी मिळावी. शेजपाळीचे तत्त्व येथेही लावावे : अकोल्याच्या डोंगरातून शंभर किलोमीटरांहून अधिक वाट चालून येणाऱ्यास आणि रुग्णालयाच्या शेजारी राहणाऱ्यास एकच माप लावू नये, दूरच्या तालुक्यांसाठी गाड्यांच्या वेळा पाहून काही भाग राखून ठेवावेत. फेरतपासणीस येणाऱ्याने पुन्हा पहिल्या रांगेत का उभे राहावे? त्याची पुढील तारीख आणि वेळ डॉक्टरांनी निरोप देतानाच लिहून द्यावी. रक्ताचा निकाल आणि डॉक्टरांचे उठणे यांचा मेळ घालावा. सकाळी घेतलेल्या रक्ताचा कागद त्याच दिवशी पाहण्यास कोणी एक डॉक्टर ठेवावा. अत्यवस्थ रोगी, गरोदर स्त्रिया व अतिवृद्ध यांस आधी घ्यावे, पण तो नियम फलकावर लिहून घ्यावे. आणि शेवटची मागणी : ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष तपासणीची वेळ या दोन्ही रोजच्या रोज नोंदवून महिन्याच्या अखेरीस दारावर लावाव्यात.

या शेवटच्या मागणीने डॉक्टरमंडळींनी दचकू नये. ती त्यांच्या हिताची आहे. सरकारी डॉक्टरांच्या मागे वॉर्डातील फेरी असते, शवविच्छेदन असते, कोर्टाची साक्ष असते, वरिष्ठांच्या बैठका असतात, हे आम्ही जाणतो. ते उशिरा आले म्हणजे रोगी समजतो की साहेब झोपले होते. खरी कारणे नोंदीत आली तर दोष कोणाचा हे उघड होईल. नव्वदांच्या जागी रोज दोनशे रोगी येत असतील तर कोणतेही वेळापत्रक चमत्कार करणार नाही. तेथे डॉक्टरच वाढविले पाहिजेत. पण ही निकड दाखविणार कशी? जेथे नोंद नाही तेथे टंचाईचा पुरावाही नाही. आज डॉक्टरांची टंचाई रोग्यांच्या वेळातून भरून काढली जाते, म्हणूनच ती वरच्या कचेऱ्यांस दिसत नाही.

रांग आखूड करण्याचा आणखी एक मार्ग या जिल्ह्यानेच जगास दाखविला आहे. जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली आपले काम आरंभिले. खेड्यांतील बायकांस, त्यांतील कित्येक निरक्षर, त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले, आणि बाळंतपण, मुलांचे जुलाब, कुपोषण यांची देखभाल गावातच होऊ लागली. १९७९ साली त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळाले आणि देशोदेशीचे लोक जामखेडास शिकावयास येऊ लागले. जो रोग गावातच अडतो तो रुग्णालयाच्या रांगेत येत नाही. ज्या बायकांस लिहिता-वाचताही येत नव्हते त्यांनी हे काम केले. आणि आम्ही म्हणतो की आमच्या लोकांस वेळेचे भान शिकविता येत नाही!

आता एक अप्रिय गोष्ट, आणि ती आमच्या वाचकांविषयी व आमच्याविषयीही आहे. आपण सुशिक्षित मध्यमवर्गीय माणसे या रांगेत सहसा उभी राहत नाही. आपण खासगी डॉक्टरांकडे दूरध्वनी करून नंबर लावतो. तेथेही “डॉक्टर येतीलच” हे ऐकत दोन तास बसतो आणि बाहेर पडल्यावर कुरकुर करतो. पण सरकारी रुग्णालयात जाण्याची वेळ आलीच, तर आपण पहिल्याने काय शोधतो? ओळख. कोणाचा भाचा तेथे कारकून आहे, कोणाचा मित्र डॉक्टर आहे, कोणत्या पुढाऱ्याची चिठ्ठी चालेल, याची चौकशी करून आपण मागच्या दाराने आत जातो. आम्हीही गेलो आहोत. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो, पण लपविणे अधिक लाजिरवाणे होईल. मागच्या दाराने आत गेलेला प्रत्येक मनुष्य पुढच्या दारातील पंधरा जणांची दोन-दोन मिनिटे घेऊन जातो. त्याहून मोठी हानि निराळीच होते. ज्यांस लिहिता येते, बोलता येते, अर्ज करता येतो, वर्तमानपत्रात ओरड करता येते, त्यांचे काम ओळखीने भागते. म्हणून ते ओरड करीत नाहीत. आणि ज्यांस ओरड करता येत नाही ते चपला ठेवून बसतात. रांग सुधारली नाही याचे एक कारण आपण तीत नाही, हे आहे. बाईंचा दिवस कोणी खाल्ला, या प्रश्नाच्या उत्तरात आपलाही घास आहे.

ज्या साध्वीचे नाव या जिल्ह्यास मिळाले, ती याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात चोंडी गावी १७२५ साली जन्मली. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या हे आपण मुलांस अभिमानाने सांगतो. धर्मशाळा म्हणजे काय? ज्यास ओळखदेख नाही, ज्याची कोणी वाट पाहत नाही, अशा वाटसरूस सावलीत बसता यावे म्हणून केलेली व्यवस्था. नाव बदलण्यास सरकारचा एक ठराव पुरला. ते शोभविण्यास नगरच्या प्रत्येक रुग्णालयाच्या दाराशी एक बाक, एक घड्याळ आणि वेळ लिहिलेला एक कागद लागेल. पुढच्या खेपेस आपल्या घरचे कोणी आजारी पडले तर ओळख न काढता पुढच्या दाराने जावे, आपली वेळ मागावी, ती नाकारली तर का नाकारली हे लेखी विचारावे, एवढी विनंती आमच्या वाचकांस करून आम्ही लेखणी ठेवतो.